खिडकी नंबर तीन आणि नवी सिस्टीम

निवृत्त माणसाला शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर एक प्रश्न हमखास विचारला जातो, तो म्हणजे वेळ कसा जातो. त्याचं उत्तर कुणालाच ऐकायचं नसतं. दुसरा प्रश्न माझ्यासारख्यांच्याच वाट्याला येतो. "सावंत, नवी सिस्टीम टाकून घेऊ का हो? जुनीपेक्षा फास्ट आहे का?" विचारणारे कधी निवृत्त चीफ इंजिनिअर असतात, कधी प्राध्यापक. यांनी आयुष्यभर धरणं बांधली, पिढ्या शिकवल्या. आता लॅपटॉप काखोटीला मारून माझ्यापुढे येतात आणि पत्रिका दाखवावी तसा तो उघडून दाखवतात.

मी "बघू" म्हणतो आणि चालायला लागतो. मला शिष्ट समजतात, समजोत. हा प्रश्न मी नोकरीत असताना एकदा अगदी शास्त्रोक्त पद्धतीने सोडवला होता. जुनी आणि नवी सिस्टीम शेजारी शेजारी ठेवली होती, वेळ मोजायला माणूस उभा केला होता. निकाल स्वच्छ लागला आणि त्या निकालापायी एका बाईची नोकरी गेली. तेव्हापासून या विषयावर माझी जीभ जरा जड झाली आहे.

परळच्या एका धर्मादाय रुग्णालयात मी संगणक विभागाचा प्रमुख होतो. 'प्रमुख' या शब्दाने दडपून जाऊ नका, विभागात मी एकटाच होतो. जिन्याखाली माझी खोली होती. तिथे सर्व्हर असल्यामुळे अख्ख्या इमारतीतला सगळ्यात चांगला एसी तिथे होता आणि त्यामुळे मे महिन्यात मोठमोठे डॉक्टर माझ्याकडे "संगणकाबद्दल थोडं विचारायचं होतं" म्हणून येऊन बसत. हाडांचे डॉक्टर तर डबाही तिथेच खात. बाकी वर्षभर मला कुणी ओळखत नसे. आमचं काम पाण्याच्या पंपवाल्यासारखं. सुरळीत चाललं तर कुणाला आठवण नाही, बंद पडलं की मजल्यामजल्यावरून नावाने हाका.

आता ऑपरेटिंग सिस्टीम म्हणजे काय, ते बाहेरच्यांसाठी सांगतो. आमच्या लालबागच्या चाळीत जोशीकाका सेक्रेटरी होते. ते स्वतः पाणी भरत नसत, झाडू मारत नसत, मिरवणुकीत नाचत नसत. पण पाणी कुठल्या मजल्याला आधी, कोणाचा मांडव पटांगणात किती दिवस, कॅरमचा बोर्ड कोणाच्या दारात, हे सगळं त्यांच्या शब्दावर चालायचं. संगणकातले हे जोशीकाका म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीम. टाइप करणं, छापणं ही कामं दुसरेच प्रोग्राम करतात. कुणाला किती जागा आणि कुणाची पाळी कधी, एवढं ती ठरवते. पुढे चाळ पाडून टॉवर झाला आणि काकांच्या जागी मॅनेजमेंट कंपनी आली. लॉबी चकाचक, गेटवर कॅमेरा, पाहुणा आला की मोबाईलवर विचारणा. टॉवर वाईट नाही, मी तिथेच राहतो. फक्त शेजारी चार मिरच्या मागायला जायचं तर आधी इंटरकॉम करावा लागतो. नवी सिस्टीम साधारण अशी असते.

आमच्या रुग्णालयात या सगळ्याचा संबंध यायचा तो केसपेपरच्या खिडक्यांशी. पेशंट आला की आधी खिडकीवर नाव सांगायचं, कुठल्या डॉक्टरला दाखवायचं ते सांगायचं, केसपेपर छापून घ्यायचा आणि मग त्या ओपीडीच्या रांगेत जाऊन बसायचं. अशा चार खिडक्या होत्या. तीन नंबरला सुनंदा गायकवाड बसायच्या.

गायकवाडबाई नायगावच्या चाळीतल्या. अकरा महिन्यांच्या कंत्राटावर त्या लागल्या आणि अकरा अकरा महिन्यांनी नव्याने लागत राहिल्या, इतकी वर्षं की कायम नोकरीवाले त्यांच्यानंतर येऊन त्यांच्याआधी रिटायर झाले. नवरा आजारपणाने घरी, मुलगी नर्सिंगला, मिळवत्या त्या एकट्या. म्हणजे कंत्राटाचा कागद दर वेळी सही होऊन येणं यावर ते घर उभं होतं. पण बाईंच्या चेहऱ्यावर याची छाया कधी दिसली नाही. चेहऱ्यावर असायचा तो वैताग, आणि तो सर्वांना समान वाटला जायचा.

त्यांची एक खोड होती, चौकशा. जुनी सिस्टीम नाव शोधायला लागली की पडद्यावर एक गोल गरगरत राही. तेवढ्या वेळात बाई समोरच्याला सोलून काढत. कुठून आलात, घरी कोण असतं, कधीपासून दुखतंय, जिना चढताना दुखतं की बसल्या बसल्या, काल काय खाल्लं होतं. वैद्यकशास्त्राचा त्यांना गंध नव्हता. गप्प बसवत नाही, हेच त्यामागचं शास्त्र. तक्रारपेटीत त्यांच्याविरुद्ध चिठ्ठ्याही पडत, "तीन नंबरच्या बाई खाजगी प्रश्न विचारतात" म्हणून. मी एकदा त्यांना तसं सांगितलं.

"मग काय करू, सर?" त्या म्हणाल्या. "तुमचा गोल फिरतोय. माणूस समोर उभा आहे. दोघं मिळून गोलाकडे बघत बसू?"

मग जाहीर झालं की जुन्या सिस्टीमला कंपनी यापुढे औषधपाणी देणार नाही. म्हणजे ती चालेल, पण आजारी पडली तर आमचं आम्ही बघायचं. बदल तर करायलाच हवा होता. पण आमचे अध्यक्ष नानासाहेब यांना त्यात आणखी एक गोष्ट दिसली. नानासाहेब सज्जन गृहस्थ, रुग्णालयासाठी देणग्या आणण्यात कुणाला हार जाणारे नव्हेत, आणि त्यांचा त्रैराशिकावर गाढ विश्वास. त्यांनी मला बोलावून विचारलं, "सावंत, नवी सिस्टीम दुप्पट फास्ट असेल, तर खिडक्या निम्म्या का नकोत?"

मी म्हटलं, "नानासाहेब, ती दुप्पट फास्ट आहे असं म्हणणारे ती विकतात."

"मग आपण स्वतः तपासू. तुम्हीच तपासा."

मदतीला त्यांनी सल्लागार कंपनीतला केतन नावाचा तरुण दिला. गळ्यात ओळखपत्र, हातात टॅब, बोलण्यात 'बेंचमार्क'. मुलगा हुशार होता आणि नम्रही होता, त्यामुळे त्याच्यावर रागावताही येईना. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, खऱ्या पेशंटांवर, तीन आणि चार नंबरच्या खिडकीत तुलना करायची असं ठरलं. नवी जिंकली तर चाराच्या दोन खिडक्या होणार आणि कंत्राटी माणसं आधी जाणार, हे रुग्णालयात मांजरांनाही कळलं होतं. कंत्राटी माणूस खिडक्यांवर एकच होतं.

मी माझ्या परीने न्याय केला. जुन्या आणि नव्याची तुलना करायची तर शरीर सारखं हवं, नाहीतर म्हाताऱ्या बैलाला नवी झूल घालून शर्यतीत उतरवल्यासारखं होतं. म्हणून दोन अगदी सारख्या नव्या पेट्या मागवल्या. चपट्या, पडद्याच्या शेजारी आडव्या ठेवायच्या, हवा जायला वरच्या अंगाला जाळी. एकीत जुनी सिस्टीम टाकली, एकीत नवी. मेमरी सारखी, प्रिंटर सारखे, वायरी सारख्या लांबीच्या. केतन म्हणाला, "सर, फेअर टेस्ट कशी असावी याचं हे उदाहरण आहे." मलाही तसंच वाटत होतं.

मधे खंडेनवमी आली. आमच्याकडे त्या दिवशी सगळ्या हत्यारांची पूजा होते. एक्स-रेचं मशीन, निर्जंतुकीकरणाचा बंब, ऑपरेशनच्या कात्र्या, ॲम्ब्युलन्स, सगळ्यांना हळदकुंकू लागतं. पूजेचं सामान परबकडे असे. परब आमचा शिपाई, मूळचा कुडाळकडचा, रुग्णालयातल्या सगळ्या देवकार्याची सूत्रं त्याच्या हातात. त्या वर्षी नानासाहेब स्वतः पूजेला आले. ॲम्ब्युलन्सच्या बॉनेटसाठी आणलेला झेंडूचा हार परबने ताटातून पुढे केला, तर नानासाहेब म्हणाले, "हा नव्या सिस्टीमला." आणि तो दोन माणसांनी धरावा असा हार त्यांनी चार नंबरच्या खिडकीतल्या पेटीवर दुहेरी-तिहेरी वेढे देऊन घातला. वर आपट्याची पानं ठेवली. जुन्या सिस्टीमच्या पेटीला परबने कुंकवाचं बोट लावलं आणि एक फूल ठेवलं. ॲम्ब्युलन्सला त्या वर्षी नुसत्या अक्षता मिळाल्या.

गायकवाडबाई पूजेला नव्हत्या. दसऱ्याला त्या दरवर्षी रजा घेऊन नागपूरला दीक्षाभूमीवर जातात. रात्रीच्या गाडीने परतून, पिशवी घरी न टाकता, त्या तुलनेच्या सकाळी थेट तीन नंबरच्या खिडकीत येऊन बसल्या.

ओपीडीला सुट्टीनंतरची गर्दी होती. नानासाहेब खुर्ची टाकून बसले. केतनने टॅब सरसावला. तीन नंबरला जुनी सिस्टीम आणि बाई, चार नंबरला नवी सिस्टीम आणि मयूरी नावाची कायम नोकरीवरची चुणचुणीत मुलगी. सुरुवातीला नवीने सुसाट केसपेपर काढले. नानासाहेब मान डोलवू लागले. आणि मग ती अडखळू लागली. मयूरी बटण दाबायची आणि पडदा तसाच. थोड्या वेळाने तर चार नंबरची रांग मुंगीच्या पावलांनी सरकू लागली. रांगेतल्या माणसांना तंत्रज्ञान कळत नसलं तरी रांग कळते. ती सगळी तीन नंबरकडे वळली.

मला कारण कळायला वेळ लागला नाही. पेटी तापली होती. ही यंत्रं फार तापली की जळू नयेत म्हणून स्वतःच वेग कमी करतात. हवेची जाळी झेंडूखाली गाडली गेली होती. मी केतनला बाजूला घेऊन सांगितलं. त्याचा चेहरा उतरला.

"सर, मग हार काढायला सांगा ना."

"टेस्ट तुमची आहे. तुम्ही सांगा."

त्याने परबला विचारलं. परब हात मागे घेऊन म्हणाला, "नानासायबांनी सोताच्या हातान घातलेलो हार हा तो. सुकल्याबिगर काढूचो नाय. माका सांगू नकात." मग केतन धीर करून नानासाहेबांकडे गेला आणि "सर, थोडा व्हेंटिलेशनचा इश्यू…" एवढंच म्हणू शकला. नानासाहेब म्हणाले, "पंखा वाढवा." पंखा वाढवला. आपट्याची पानं उडून मयूरीच्या डब्यात पडली. हार होता तिथेच राहिला.

मला घाई नव्हती, हेही सांगून टाकतो. नवी हरत होती आणि नवी हरली की बाईंचं कंत्राट वाचत होतं. शास्त्र बिघडत होतं, पण ते बिघडवणारा मी नव्हतो. नानासाहेबांनी बिघडवलं होतं, आणि तेही भक्तिभावाने. मी हाताची घडी घालून उभा राहिलो.

केतनने शेवटचा उपाय काढला. "ऑपरेटर बदलून बघू. मॅडम तिकडे, मयूरी इकडे." बाई धुसफुसत उठल्या. त्यांच्या खिडकीवर तोवर अर्धं परळ आणि सगळा भोईवाडा जमला होता, प्रवासाने अंग आंबलं होतं आणि सकाळपासून चहा नव्हता. त्या चार नंबरला बसल्या. समोर एक म्हातारी नातवाला कडेवर घेऊन उभी. बाईंनी नाव टाइप केलं. पडदा हलेना. त्यांनी पेटीवर हात ठेवला.

"अहो, हिला ताप आलाय," त्या म्हणाल्या. "ही फुलं कोणी कोंबली इथे?"

बाईंनी हार दोन्ही हातांनी उचलला, वेढे सोडवले आणि परबच्या हातात दिला. परब देवाची पालखी हातात आल्यासारखा ताठ उभा राहिला. नानासाहेबांनी मान वर केली.

"परब, हार का काढला?"

परबने हार कपाळाला लावला. "देव पावलो, सायेब. म्हणान उतरवलो."

आणि देव खरंच पावला. पेटी निवली आणि नवी सिस्टीम अशी धावली की केसपेपर प्रिंटरमधून उडून जमिनीवर पडायला लागले. नावाची शेवटची अक्षरं टाइप होण्याआधी ती माणूस शोधून देत होती. पडद्यावरचा तो गोल फिरायचा बंदच झाला. दुपारी केतनने निकाल जाहीर केला. नवी सिस्टीम निःसंशय वेगवान. नानासाहेबांनी सगळ्यांना पेढे वाटले आणि श्रेय पूजेला दिलं.

संध्याकाळी बाई माझ्या जिन्याखालच्या खोलीत चहाला आल्या. मला राहवलं नाही. मी म्हटलं, "बाई, तो हार नसता काढला तर तुमची खिडकी राहिली असती. तुम्हाला ठाऊक होतं ना?"

"हार कशाला आहे ते माहीत नव्हतं. बाकीचं माहीत होतं."

"मग?"

"मग काय, सर? ती म्हातारी पोराला कडेवर घेऊन उभी होती. तिला काय सांगू, आजी, जरा थांबा, माझी नोकरी वाचतेय?" त्यांनी चहा संपवला. "आणि खरं सांगू का, मी फार वैतागले होते. कोणाच्याही गळ्यातला काढला असता."

पुढचं कंत्राट सही होऊन आलं नाही. चाराच्या दोन खिडक्या झाल्या. बाई जाताना सगळ्यांना भेटून गेल्या. रडल्या नाहीत. मी त्या दिवशी खोलीचं दार लावून बसलो आणि हाडांच्या डॉक्टरांना एसी बंद आहे म्हणून सांगितलं.

तेच डॉक्टर महिन्याभरात दार ढकलून आत आले. "सावंत, तुझ्या नव्या सिस्टीममध्ये व्हायरस शिरलाय. माझ्या ओपीडीत पोटदुखी येतेय. काल एक कानवाला आला." मग त्वचेचे डॉक्टर आले. त्यांच्याकडे छातीत धडधडणारे येऊन बसत होते. मी दोन आठवडे सिस्टीम उकलून तपासली. विभागांचे क्रमांक बरोबर, छपाई बरोबर, प्रोग्राम धुतल्या तांदळासारखा. शेवटी खिडकीमागे स्टूल टाकून बसलो, तेव्हा उजेड पडला.

पेशंट म्हणायचा, "हाडाचं." मयूरी बटण दाबायची, केसपेपर हातात. माणूस हाडांच्या रांगेत जाऊन दोन तास बसायचा आणि आत गेल्यावर कळायचं की त्याला 'छातीचं हाड' दुखतंय, तेही जिना चढल्यावर. पूर्वी हाच माणूस "हाडाचं" म्हणाला की गोल फिरत राही, तेवढ्यात गायकवाडबाई "कुठलं हाड? कधी दुखतं?" सुरू करत आणि केसपेपर निघेपर्यंत त्याचं दार बदललेलं असे. त्या चौकशा त्या जुन्या सिस्टीमच्या मंदपणात राहत होत्या. आम्ही मंदपणा काढला आणि त्याबरोबर त्याही गेल्या. आमच्या शास्त्रोक्त तुलनेत त्यांना रकानाच नव्हता.

मी हे सभेत सांगितलं. केतनला पटलं, कारण मुलगा खरंच हुशार होता. त्याने पटल्यावर जे केलं ते त्याच्या वर्गातल्या हुशारीचं होतं. त्याने पडद्यावर प्रश्न घातले. कुठे दुखतं, कधीपासून, चढताना की बसताना. सगळी उत्तरं भरल्याशिवाय केसपेपर निघायचा नाही. आता नवी सिस्टीम जुनीपेक्षा हळू झाली. मयूरीपुढे रांग जिन्यापर्यंत. तिने दोन दिवसांत शोध लावला की प्रत्येक प्रश्नाला 'लागू नाही' दाबलं तरी चालतं. गाडी पुन्हा सुसाट, आणि कानवाले पुन्हा हाडांकडे.

तेव्हा नानासाहेबांनी हेल्पडेस्क काढायचं ठरवलं. दाराशी एक टेबल, एक खुर्ची, येणाऱ्याला विचारून योग्य खिडकीकडे पाठवणारं माणूस. मी नाव सुचवलं. नानासाहेब म्हणाले, "बोलवा की. चांगल्या बाई होत्या. का गेल्या त्या?" मी फोन लावायला उठलो.

रुग्णालयाचा फोन बाई घेत नव्हत्या, म्हणून मीच गेलो. भोईवाड्यात कोर्टाजवळच्या एका झेरॉक्सच्या दुकानात त्या लोकांचे ऑनलाइन अर्ज भरून देत होत्या. समोरच्या माणसाचा अर्ज राहिला बाजूला, त्याच्या मेहुण्याच्या भांडणाची चौकशी चालली होती.

"या, सर. अजून चालते का तुमची नवी?"

"चालते. लोक पूर्वीपेक्षा लवकर चुकीच्या डॉक्टरकडे पोचतात."

त्या मनापासून हसल्या. मी हेल्पडेस्कचं सांगितलं.

"कायम?"

"कंत्राट."

"मशीन?"

"मशीन नाही. नुसतं विचारायचं."

"म्हणजे माझंच काम, माझ्या मशीनशिवाय." त्यांनी जरा विचार केला. "येते. पण एक सांगा त्यांना, मी किती मिनिटांत किती माणसं पाठवली हे मोजत बसू नका."

मला हो म्हणायचं होतं. पण त्या बाईंशी खोटं बोलणं माझ्याने झालं नाही. "मोजतील, बाई. ते मोजणारच."

त्यांनी दुकानवाल्याला दोन कटिंग सांगितले. मला वाटलं, नकार आहे आणि तो चहाबरोबर मिळेल. पण सोमवारी त्या टेबलापाशी हजर होत्या. मुलीची फी स्वाभिमानाने भरता येत नाही, हे मला कळायला हवं होतं. मला आनंद झाला आणि लाजही वाटली.

मी निवृत्त व्हायच्या आधीचं हे शेवटचं काम. नानासाहेबांनी विमानतळावर टच स्क्रीन पाहिला. बोट लावलं की दिशा दाखवतो, पगार नाही, चहा नाही, नागपूरची रजा नाही. देणगीदारही मिळाला. स्क्रीन दाराशीच, बाईंच्या टेबलाच्या अलीकडे बसवला आणि पुन्हा एकदा तुलना करायचं फर्मान निघालं. केतनने तुलनेचा तक्ता आणला. एका रकान्यावर लिहिलं होतं, 'नवी सिस्टीम: टच स्क्रीन'. दुसऱ्यावर, 'जुनी सिस्टीम: हेल्पडेस्क, एस. गायकवाड'.

मी तो तक्ता बाईंना दाखवला. लपवून काय करणार. त्यांनी चष्मा लावून वाचला.

"मला पण औषधपाणी बंद करणार का कंपनी?"

"तुलनेवर आहे."

"करा मग," त्या म्हणाल्या आणि पुढच्या माणसाला बसायला सांगितलं. त्या दिवशी मात्र मी त्यांच्या हाताकडे बघितलं. पदराचं टोक बोटाभोवती गुंडाळलं जात होतं.

महिनाभर मोजणी चालली. मी आकड्यांना हात लावला नाही, शपथेवर सांगतो. महिन्याने केतन अहवाल घेऊन आला तो आनंदात. "सर, अमेझिंग रिझल्ट. टच स्क्रीन आल्यापासून हेल्पडेस्कचा परफॉर्मन्स दुप्पट झालाय. मॅडम दिवसाला पूर्वीच्या दुप्पट माणसं हँडल करतायत. दोन्ही सिस्टीम ठेवाव्यात अशी माझी शिफारस आहे."

कारण दाराशी उभं राहिलं तर कुणालाही दिसलं असतं. माणसं स्क्रीनला बोट लावत, चिठ्ठी बाहेर येई, ती घेऊन ती सरळ बाईंच्या टेबलाशी जात आणि विचारत, "बाई, हे काय आलंय बघा जरा." जी पूर्वी कुणालाही न विचारता सरळ खिडकीवर जात, तीही आता चिठ्ठी हातात आल्यामुळे विचारायला थांबत. स्क्रीनने चुकीच्या दाराला पाठवलेलं प्रत्येक माणूस बाईंच्या नावावर जमा होत होतं. आकड्यांनी त्या बाईचं पहिल्यांदाच भलं केलं होतं, तेही चुकून. मी अहवालावर सही केली. नोकरीत इतक्या समाधानाने मी क्वचितच सही केली असेल.

नानासाहेबांनी अहवाल मंजूर केला आणि कंत्राट सही होऊन आलं. ते सांगायला मी टेबलापाशी गेलो. खरं कारणही सांगितलं, कारण बाई चौकशी केल्याशिवाय सोडणार नव्हत्याच. त्या चिठ्ठी हातात घेऊन ऐकत होत्या. समोर एक कोळीण बसली होती, वरळीहून आलेली, हाताला फडकं गुंडाळलेली.

"म्हणजे, सर," त्या म्हणाल्या, "ते मशीन चुकतंय तोवर मी आहे."

"तसंच आहे."

त्यांनी स्क्रीनकडे पाहिलं. तिथे एक गृहस्थ बोट लावून चिठ्ठीची वाट बघत होते. चिठ्ठी आली. त्यांनी ती उलटसुलट करून बघितली आणि आमच्या दिशेने चालायला लागले.

"मग मुलीचं शिक्षण पुरं होईल," बाई म्हणाल्या आणि कोळणीकडे वळून तिच्या हातावरचं फडकं सोडायला लागल्या.